पाण्याकाठी राहिलेली ओतिलिया

माझा जीव जुन्या नगरीत राहिला, हे सगळ्यांत आधी माझ्या हातांना कळलं. मक्याची भाकरी थापायला घेतली की ती गोल होईना. कळत्या वयापासून ह्या हातांनी भाकऱ्या थापल्या. डोळे मिटून थापली तरी चंद्रासारखी उतरायची. आणि त्या दिवसांत प्रत्येक भाकरी एका अंगाला ओढल्यासारखी लांबायची. ते अंग नेमकं डोंगराकडचं असायचं.

माझी नणंद वेनान्सिया शेजारी बसून वेलदोडे निवडत होती. तिच्या जिभेला हाड नाही, पण मन लोण्याचं आहे. ती म्हणाली, "वहिनी, भाकरी थापतेस की वाट दाखवतेस?"

मी हसले. ते हसू माझं मलाच लांबून ऐकू आलं, पाण्यावरून यावं तसं.

आमचं साकिहा गाव डोंगरावरच्या ह्या ओस नगरीच्या पायथ्याशी आहे आणि माझे यजमान क्रिसांतो तिथले वाटाडे आहेत. सकाळी धुकं अजून छपरांवर बसलेलं असतं तेव्हा ते टोपी घालून फाटकापाशी जातात. मोटारीतून पाहुणे उतरतात. त्यांना घेऊन क्रिसांतो दगडी चौकातून, चेंडूच्या मैदानातून, मोठ्या देवळाच्या पायऱ्यांवरून आणि गुहेच्या तोंडावरून निळ्या डोहांपर्यंत जातात. माझं काम घरी. केळीच्या पानात उकडलेले मक्याचे गोळे, काळा घेवडा, टर्कीचा लाल रस्सा, असं पाहुण्यांचं जेवण मी रांधते आणि वेनान्सियाचा नवरा ते पाठीवर घेऊन डोहावर पोचवतो.

लहानपणी त्याच नगरीत मी सरपण वेचलंय. तेव्हा देवळं झाडांच्या पोटात होती. मग शहरातले लोक आले, झाडं उतरली, कुंपण पडलं, फाटक बसलं. त्यानंतर मी वर गेले नाही. आपल्याच परसात तिकीट काढून कोण जातं?

आमच्यात एक रीत आहे. माणूस कुठे दचकला, पडला, घाबरला, तर देह उठून पुढे चालू लागतो आणि जीव तिथेच बसून राहतो. म्हणून निघताना आई लेकराला नाव घेऊन हाक मारते: चल रे, राहू नकोस. नदीवरून निघताना मारते, बाजारातून निघताना मारते, माती देऊन परतताना तर मारतेच. डोंगराचा आणि दरीचा जो धनी आहे तो काही दुष्ट नाही, पण ज्याला हाक मारली नाही तो आपल्याला दिलेला, असंच तो धरून चालतो. क्रिसांतो ही रीत पाहुण्यांसाठीही पाळतात. सकाळी सगळ्यांची नावं विचारून घ्यायची, दिवसभर मनात घोळवायची, आणि परतताना फाटकाजवळच्या थोरल्या सावरीच्या झाडाखाली डोंगराकडे तोंड करून एकेकाला हाक मारायची. पाहुण्यांना गंमत वाटते. कुणी फोटो काढतं, कुणी उगाच डोळे पुसतं. सगळ्यांत शेवटी क्रिसांतो स्वतःचं नाव घेतात आणि फाटक ओलांडतात.

त्या दिवशी वेनान्सियाच्या नवऱ्याचा पाय मुरगळला होता, म्हणून जेवणाची टोपली मी घेतली.

वर गेले तर सगळं ओळखीचं आणि सगळं अनोळखी. जिथे मी काटक्या मोडायचे तिथे पाटी होती. काळी माकडं मात्र तशीच, ढगांच्या पोटात दगड लोटल्यासारखी गर्जत होती. डोहावर पोचले तेव्हा क्रिसांतो पाहुण्यांशी बोलत होते. डोहाच्या वरच्या अंगाला एक उभा दगड आहे, त्यावर एक बाई कोरलेली आहे. डोक्यावर पिसं, हातात वाटी. तिच्याकडे हात करून क्रिसांतो सांगत होते की राजाचं नाव वाचता येतं, पण हिच्या नावावरून पावसाने हात फिरवला. नाव उरलं नाही म्हणून हिला कोणी हाक मारत नाही, आणि हाक नाही म्हणून ही अजून इथेच राहते. सकाळी जे धुकं दिसतं तो हिच्या चुलीचा धूर. डोहावर तरंग उठतो तेव्हा ही केस धूत असते.

बोलताना त्यांचे हात पाखरांसारखे उडत होते. आवाज कधी पानावर उतरत होता, कधी सावरीच्या शेंड्याला लागत होता. मी टोपली खाली ठेवली आणि ऐकतच राहिले. हा माणूस घरी दिवसाला दोन शब्द बोलतो, त्यातला एक मीठ असतो. आणि इथे बघा, जणू व्यासपीठावर उभं राहून देवाची कथा लावली आहे, आणि परमुलखातले लोक तोंड उघडं ठेवून ऐकताहेत.

ऐकता ऐकता माझा पाय शेवाळावरून सुटला. पडले नाही, गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले, इतकंच. पाणी गार होतं आणि इतकं निळं की माझा पाय दुसऱ्या कुणाचा वाटला. मी एकटीच हसले. कुणी पाहिलं नाही. मग पाय पुसला, जेवण वाढलं, टोपली आवरली.

परतताना मी सगळ्यांच्या मागे होते. सावरीखाली क्रिसांतोंनी हाका मारल्या. दाढीवाल्या बेल्जियनला मारली, कॅनडाच्या दोघी बहिणींना मारली, उन्हाने लाल झालेल्या त्या म्हाताऱ्या जोडप्याला मारली. शेवटी स्वतःचं नाव घेतलं. माझं घेतलं नाही. त्यात काही चुकलं असं त्यांनाही वाटलं नाही आणि मलाही नाही. पाहुणा तो पाहुणा, घरची ती घरची. आणि लग्न झाल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारलीच कधी होती? "अगं", नाहीतर "ऐकलंस का".

त्यानंतर भाकऱ्या लांबायला लागल्या.

खरं सांगते, दुखत काही नव्हतं. उलट गोड होतं. कपडे धुवायला बसावं तर हातांखाली डोहाचं पाणी हलायचं. चूल फुंकावी तर धूर वर न जाता दगडांमधून वाहायचा, आणि त्या धुरात पायऱ्या दिसायच्या, ओल्या, कुणाच्याही पायाचा ठसा नसलेल्या. बाजारात उभी असताना माझ्या पाठीवर सावली पडायची आणि मला कळायचं की तिकडे आता दुपार उतरली, उभ्या दगडाची सावली माझ्यापर्यंत आली. कधी ती दगडातली बाई खाली उतरून माझ्याशेजारी बसायची. बोलायची नाही. वाटी पाण्यात बुडवायची, ओतायची, पुन्हा बुडवायची. मला वाटायचं, इतकी शांतता देवाने कुणाला दिली असेल?

पण इकडचा देह सुकत चालला. घास तोंडात ठेवला की तो कुणा दुसरीला भरवल्यासारखा वाटायचा. रविवारी चर्चमध्ये स्तोत्राचं धृपद मी धरते. माझी आई धरायची, तिच्यामागे मी. हार्पवर बोट पडलं, व्हायोलिन लागलं, मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. आवाज तिकडे होता. लोक वळून पाहू लागले. वेनान्सियाने वेळ मारून नेली, पण तिचा सूर पडला म्हशीचा. पुढच्या बाकावरची पोरं गुदमरली. घरी येताना ती मला म्हणाली नाही की तू मला तोंडघशी पाडलंस. तिने नुसता माझा दंड धरला, आणि धरल्यावर तिचा चेहरा उतरला. दंडावर मांस राहिलं नव्हतं.

त्याच दुपारी ती एउलालिया मावशींना घेऊन आली. मावशी आमच्या गावच्या जाणत्या. नाडी धरतात आणि तिच्याशी बोलतात. त्यांनी माझं मनगट धरलं, डोळे मिटले, बराच वेळ कान देऊन बसल्या. मग मनगट अंथरुणावर अलगद ठेवलं, रिकामी वाटी ठेवावी तसं.

क्रिसांतो दारात उभे होते. मावशींनी त्यांना विचारलं की ही वर गेली होती का. गेली होती. परतताना हाक मारलीस का? क्रिसांतोंनी टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले.

"गावोगावच्या गोऱ्यांना घरी पोचवलंस," मावशी म्हणाल्या, "आणि बायकोला डोंगराला देऊन आलास. वा रे वाटाड्या."

दुसऱ्या दिवशी क्रिसांतोंनी आपल्या परीने चूक दुरुस्त केली. सावरीखाली पाहुण्यांच्या हाका संपल्यावर त्यांनी माझंही नाव त्यांत घातलं. वेनान्सिया मुद्दाम फाटकापाशी जाऊन बसली होती, तिने येऊन सांगितलं: दादाने परक्यांची नावं अशी पुकारली की माकडं गप्प झाली, आणि तुझ्या नावाला असा पुटपुटला, जसा पाद्रीबाबांच्या कानात पाप सांगतोय. ती असं सांगत होती तेव्हा मी ऐकत होते, पण तिचा आवाज पलीकडच्या काठावरून येत होता. माझा जीव हलला नव्हता.

हलणार कसा? मावशी म्हणाल्या, सावरीखालची हाक त्या त्या दिवशी सोबत असलेल्यांची. राहून गेलेल्याला राहिला तिथून उठवावं लागतं. ज्याने सोडलं त्यानेच जायचं, तिची चोळी त्या जागेला लावायची, आणि तिथून घरापर्यंत मागे न बघता, नाव घेत यायचं. मोठ्याने. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की नेमकी कुठे राहिलीस?

मी म्हणाले, आठवत नाही.

ते खोटं होतं. मावशींना ते कळलं असावं, कारण त्या लगेच उठल्या नाहीत. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि सांगितलं, "भीतीने राहिलेला जीव पहिल्या हाकेला धावत येतो, पोरी. सुखाने राहिलेला रुसतो. पण रिकाम्या घराला वाळवी लागते. हा पाऊस काही तू काढणार नाहीस."

मला कळत होतं. मरण समोर उभं आहे हे लांबच्या गावची बातमी कळावी तसं कळत होतं. जागा सांगितली की तिथून उठावं लागणार, निळं पाणी सुटणार, आणि इकडे काय? चूल, घेवडा, मीठ. देवाने मला दोन ठिकाणी ठेवलं होतं आणि मी त्यातलं गोड निवडून बसले होते.

मग क्रिसांतो रोज पाहुणे गेल्यावर वरच थांबू लागले. हे मला त्यांनी सांगितलं नाही. वेनान्सिया कुरकुरायची की दादा दगडादगडाला चोळी लावत फिरतो, फाटकवाला हसतो. मला मात्र ते दिसायचे. मी पाण्याकाठी बसलेली असायचे आणि ते चौकातून जायचे, हातात माझी पांढरी चोळी, एखादं हरवलेलं कोकरू शोधावं तसे वाकून. देवळाच्या पायऱ्यांवर बसायचे. चेंडूच्या मैदानात उभे राहायचे. डोहावर यायचे तेव्हा पलीकडच्या काठावर यायचे. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारली नाही.

एका सकाळी निघण्याआधी ते माझ्या अंथरुणापाशी खाली बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, पाणी हवंय का विचारतील.

"मला हल्ली तिथे नीट बोलता येत नाही," ते म्हणाले. "राजाचं सांगतो, चेंडूचं सांगतो, आणि त्या बाईपाशी आलो की अडखळतो. काल एका म्हाताऱ्याने विचारलं, ही गोष्ट कुणाकडून ऐकलीत? मी काय सांगू त्याला?"

मी त्यांच्या गुडघ्यावरच्या टोपीकडे पाहिलं.

"लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आपण वेलदोडे वाळवायच्या भट्टीवर जागायला जायचो," ते म्हणाले. "विस्तव विझू नये म्हणून तू बोलत राहायचीस, म्हणजे मला झोप लागू नये. सरपण वेचताना तुला ती बाई दिसली होती. तिची चूल, तिचे केस, सगळं तू सांगितलंस. मी तेच सांगतो. माझं त्यात काही नाही गं. मला बोलता कुठे येतं? मी तुला ऐकून ऐकून पाठ केलं."

मी विसरले होते. देवाशपथ, पार विसरले होते. भट्टीचा लाल उजेड, वेलदोड्याचा तो वास, तो डोक्यात जाऊन बसायचा. आणि एक तरणा, लाजरा माणूस डोळे ताणून माझ्याकडे बघतोय. मी बोलतेय, बोलतेय, हात पाखरांसारखे उडताहेत. माझे हात.

पाण्याकाठी बसून मी ज्या बोलण्यावर लुब्ध झाले होते ते ह्याच घरातून डोंगरावर गेलं होतं.

ते टोपी घालून उठले. दारापर्यंत गेले. मी म्हणाले, "बाईच्या दगडाखाली. शेवाळ आहे तिथे. डावा पाय."

ते वळले नाहीत. जरा थांबले, मान हलवली आणि गेले.

दिवसभर मी वाट पाहिली की काय केलं, सांगता येत नाही. एउलालिया मावशी दारात मातीच्या भांड्यात राळ जाळत बसल्या होत्या. वेनान्सिया माझे पाय चोळत होती आणि कधी नव्हे ती गप्प होती. इकडे तो पांढरा धूर, तिकडे डोहावरचं ऊन. बाई माझ्याशेजारी बसून वाटी बुडवत होती.

मग पहिली हाक आली.

"ओतिलिया!"

ती तिकडे आली, माझ्या कानाशी, पाण्यावर आपटून फुटली. बाईने वाटी थांबवली. माझी चोळी दगडावर, शेवाळावर आपटली जात होती आणि क्रिसांतो, ज्यांनी माझं नाव कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं, ते छाती फुटेपर्यंत उच्चारत होते. चल, ओतिलिया. घरी चल. राहू नकोस. बाईने माझ्याकडे पाहिलं, आणि जरा सरकली, वाट द्यावी तशी.

मी बसून राहिले. खरंच सांगते, बसूनच राहिले. हाक दूर जाऊ लागली. गुहेपाशी गेली, पायऱ्यांपाशी गेली. प्रत्येक हाकेबरोबर माझ्या आत कुठेतरी दोरी ताणली जात होती, आणि हाक बारीक होत गेली तसं मला जाणवलं की आता ही ऐकू येईनाशी होईल, आणि मग पुन्हा नुसतं पाणी. तेव्हा मला त्या पाण्याची पहिल्यांदा भीती वाटली. मी उठले.

पुढचं मला मागाहून सांगितलं गेलं. क्रिसांतोंबरोबर त्या दिवशीही पाहुणे होते. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे. मग डेन्मार्कहून आलेल्या एका थोराड बाईने विचारलं की ही कोण? क्रिसांतोंनी मागे न बघता सांगितलं, माझी बायको, इथे राहून गेली आहे. तिने डोक्यावरची हॅट काढली. फाटकापाशी मोटार उभी होती, पण तिच्यात कुणी बसलं नाही. क्रिसांतो चोळी जमिनीवरून ओढत गावच्या वाटेला लागले आणि ते सगळे त्यांच्यामागे. आधी त्या बाईने नाव उचललं. मग दुसऱ्याने. क्रिसांतो पुढे नाव घेत आणि मागचे झेलत, जसं आमच्या चर्चमध्ये धृपद झेलतात. कुणाला ते नाव नीट येत नव्हतं. कुणी सुरुवातच खाल्ली, कुणी शेवटाला नको तेवढं ताणलं.

मला अंथरुणात ऐकू आलं ते एवढंच, की वाटेवरून माझं नाव येतंय. एक नाही, पुष्कळ. जणू गावात पूर आलाय आणि तो माझ्या नावाचा आहे. कोंबड्या पळाल्या, कुत्री भुंकली, शेजारणी दारात आल्या. लाजेने माझे कान तापले. पुष्कळ दिवसांत माझं काही तापलं नव्हतं.

मावशींनी धुराचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. "आता तुझं तू," त्या म्हणाल्या. उत्तर जिचं तिनेच द्यायचं असतं, दुसऱ्याने दिलेलं चालत नाही.

वेनान्सियाने धरून मला दारापर्यंत आणलं. क्रिसांतो अंगणात शिरले, धुळीने माखलेले, चोळीची चिंधी झालेली, आवाज घोगरा. त्यांनी चोळी माझ्या खांद्यावर टाकली. ती ओली होती, शेवाळाचा वास येत होता. पाय जड झाले आणि माझ्या कानांतलं पाणी थांबलं. एकाएकी, भांडं पालथं घालावं तसं. इतकं शांत झालं की मला रडू आलं. ते पाणी मला पुन्हा कधी ऐकू येणार नव्हतं.

"आले," मी म्हणाले. आवाज फाटका होता, पण तो माझ्या गळ्यातून निघाला. "आले मी."

अंगणात परमुलखातली ती सगळी माणसं घामाघूम उभी होती, काय करावं न कळून. आणि मला भूक लागली. अशी लागली की पोटात कुणी मूठ आवळली. माझ्या डोक्यात पहिला विचार आला की एवढी माणसं दारात आणि घरात शिजवलेलं काही नाही. मी वेनान्सियाला म्हणाले की घेवडा चुलीवर चढव, आणि मक्याचं पीठ माझ्यापुढे आण, मी बसून थापते. ती रडत रडत म्हणाली की आधी जरा स्वतः खा गं बाई, मग गावजेवण घाल.

त्या डेन्मार्कच्या बाईने पायरीवर बसून बूट काढले आणि वेलदोडे निवडायला घेतले, कुणी न सांगता, चुकीचे.

मी क्रिसांतोंकडे पाहिलं. ते माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे होते. मी आले म्हणून सांगितलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं, मावशींनी भांडंही उचललं होतं. तरी त्यांनी आणखी एकदा हाक मारली.